अठराव्या वर्षी कसली आठवण?

चाळिशी ओलांडलेली चार माणसं जमली आणि कुणी जुन्या कॅसेटचा विषय काढला, की पुढे काय होणार हे ठरलेलं असतं. एक जण ‘गारवा’चं नाव घेतो, दुसरा लकी अलीच्या ‘सुनो’चं, तिसऱ्याला ‘कलोनियल कझिन्स’ आठवतं, आणि वयाने थोडा मोठा असलेला चौथा या सगळ्यांना पोरखेळ ठरवून १९७४च्या ‘शिवकल्याण राजा’पाशी येऊन थांबतो. आपसात कितीही जुंपली तरी आताच्या गाण्यांत राम राहिला नाही यावर चौघांचं लगेच एकमत होतं. मग पंचविशीतलं कुणीतरी शांतपणे म्हणतं, ‘‘तुम्हाला गाणं आवडत नाही, तुम्हाला तुमचं तेव्हाचं वय आवडतं.’’ टोमणा जिव्हारी लागतो, कारण तो खरा असावा अशी शंका चौघांच्याही मनात आधीपासून असते. या वादात मला रस आहे तो एकाच कारणासाठी. टोमणा मारणारा आणि तो खाणारा, दोघेही एक गोष्ट तपासल्याशिवाय गृहीत धरतात: जुनं गाणं ऐकताना जी हुरहुर लागते ती आठवणीतून येते. एकाला त्या आठवणीचा अभिमान असतो, दुसऱ्याला तिची गंमत वाटते, एवढाच फरक. माझं म्हणणं असं, की क्रम नेमका उलटा आहे. हुरहुर आधी असते, ती गाण्याची असते. आठवण मागाहून येऊन तिच्यावर मालकी सांगते.

हे पटवायचं तर आधी आठवणीची साक्ष कितपत ग्राह्य धरायची ते पाहायला हवं. आपल्याकडच्या नैयायिकांनी स्मृतीला प्रमाण मानलं नाही. पूर्वी आलेल्या अनुभवाचा ठसा ती पुन्हा उमटवते, नवं ज्ञान देत नाही, म्हणून यथार्थ असली तरी ती प्रमा नव्हे, ही त्यांची भूमिका. जैन तार्किकांना हे मान्य नव्हतं. अकलंक आणि पुढे हेमचंद्र यांनी स्मृतीला परोक्ष प्रमाणांत रीतसर जागा दिली, कारण स्मृतीवर विश्वास ठेवला नाही तर अनुमान तरी कसं उभं राहणार? धूर दिसल्यावर ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे आठवावंच लागतं. मला जैनांची बाजू जास्त पटते. पण त्यांची बाजू घेऊनही ‘आमच्या वेळी’वाल्यांच्या पदरात फारसं काही पडत नाही. स्मृती प्रमाण आहे असं मानलं, तरी ती कशाचं प्रमाण? ‘ते गाणं ऐकून मी तेव्हा हललो होतो’ याचं. गाणं थोर होतं, याचं नव्हे. आणि दोन काळांची तुलना करायला बसवलं तर स्मृतीइतका बेभरवशाचा पंच शोधून सापडणार नाही.

त्याचा दाखला आकाशवाणीच्या इतिहासात आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. पुण्यात जन्मलेला हा विद्वान माणूस शास्त्रीय संगीताचा कट्टर भोक्ता होता आणि हिंदी चित्रपटगीतांना तो अभिरुचीचा ऱ्हास मानत असे. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी सरळ रेडिओ सिलोनची वाट धरली. अमीन सयानींची बिनाका गीतमाला त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झाली. शेवटी १९५७मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला माघार घ्यावी लागली. आज ज्या काळाला झाडून सगळे चित्रपटसंगीताचं सुवर्णयुग म्हणतात, तो हाच. नौशाद, सी. रामचंद्र, मदनमोहन यांची गाणी ज्यांना उथळ वाटली, ते काही बहिरे नव्हते. त्यांचे कान आणखी आधीच्या सुरांवर घडलेले होते. थोडक्यात, ‘आता राम राहिला नाही’ हे वाक्य प्रत्येक पिढीने तितक्याच खात्रीने उच्चारलेलं आहे, आणि ही खात्रीच त्याच्याविषयी संशय घ्यायला पुरेशी आहे.

इथपर्यंत टोमणा मारणाऱ्याची बाजू वरचढ दिसते. त्याच्या हाती संशोधनही आहे. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या अमेरिकी अभ्यासकांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना अनेक दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवली आणि कोणतं किती आवडतं ते विचारलं. १९८९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की साधारण तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी जी गाणी गाजत होती त्यांच्याकडे माणसाचा ओढा सर्वांत जास्त असतो. स्मरणशक्तीचे अभ्यासकही सांगतात, की उतारवयात माणसाला पौगंडावस्थेपासून तिशीपर्यंतचे प्रसंग इतर कुठल्याही काळापेक्षा जास्त आठवतात. मग प्रश्न मिटला की! गाणं म्हणजे तारुण्याला लावलेली चिठ्ठी. तारुण्य गोड, म्हणून चिठ्ठी गोड.

पण हे स्पष्टीकरण एका साध्या प्रश्नापाशी अडतं. त्या अठराव्या किंवा तेविसाव्या वर्षी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा काय झालं होतं? तेव्हा तर मागे वळून पाहण्यासारखं काही साचलेलंच नव्हतं. तरीही हुरहुर लागली होती. किंबहुना लागली होती म्हणूनच तीच कॅसेट परत परत लावली गेली, रीळ गुंतेपर्यंत लावली गेली. आज चाळिशीत जी कळ येते आणि जिला आपण आठवणीची कळ म्हणतो, ती त्या पहिल्या ऐकण्यातही होती. आठवण हे तिचं कारण असतं, तर आठवण साठण्याच्या आधी ती उमटलीच नसती.

‘गारवा’चंच उदाहरण जरा जवळून पाहू. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या या अल्बममध्ये शब्द सौमित्र यांचे, संगीत आणि आवाज मिलिंद इंगळे यांचा. शीर्षकगीताच्या आधी कवी स्वतः बोलतो. गात नाही, साध्या, जवळजवळ थकलेल्या स्वरात बोलतो. उन्हाची तक्रार, चालणं न थांबवता आतून थांबलेला माणूस, मग कुठून तरी सूर्याच्या आड आलेला ढग, आणि त्यानंतर सूर. या रचनेतली खुबी अशी, की गाणं सुरू होण्याआधीच ऐकणारा काहीतरी गमावलेला माणूस होऊन बसतो. त्याने गमावलेलं असो वा नसो. अकरावीतल्या मुलाचं काय हरवलेलं असणार? फार तर एखादी वही. तरी त्या बोलण्यानंतर येणारा पहिला सूर त्याला परत आलेल्या माणसासारखा भेटतो. म्हणजे हा अल्बम बाजारात आला त्या दिवशीच ‘जुना’ होता; गतकाळाचा भाव त्याच्या घडणीतच होता. आणि जाता जाता, त्या बोलण्याची सुरुवात ज्या निरीक्षणाने होते ते आपल्या वादालाही लागू पडणारं आहे: यंदा ऊन फार, असं माणसाला दर साली वाटतंच. तुलना करायला बसलेल्या स्मृतीचं इतकं नेमकं वर्णन नैयायिकांनाही साधलं नसतं.

ही एकट्या ‘गारवा’ची गोष्ट नाही. गजानन वाटव्यांपासून पुढे आलेल्या भावगीताचा बराच मोठा भाग विरहाचा, ओसरलेल्या क्षणाचा, दूर गेलेल्या गावाचा आहे. इंडिपॉपच्या ज्या अल्बमवर लोक आज जीव टाकतात त्यांतही मिरवणाऱ्या, नाचऱ्या गाण्यांपेक्षा भटकणाऱ्या, काही शोधत असलेल्या आवाजाची गाणीच जास्त टिकली आहेत. १९९५चं ‘मेड इन इंडिया’ आज आठवतं ते त्या काळाची खूण म्हणून. ‘सुनो’मधलं गाणं मात्र लोक रात्री एकटे असताना लावतात. तरुण माणूस ही गाणी ऐकतो ती न भोगलेल्या वियोगाची रंगीत तालीम करावी तशी.

हा प्रश्न आपल्या परंपरेत कुणाला पडला नव्हता असं नाही. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकाची सुरुवात पाहा. दुष्यंत विदूषकाबरोबर बसला आहे आणि पडद्यामागून हंसपदिकेचं गाणं ऐकू येतं. भुंग्याला उद्देशून तक्रार आहे: आंब्याच्या मोहोराला लुब्ध झालास, आणि कमळात वस्ती मिळाल्यावर त्याला विसरलास. राजाला टोमण्याचा अर्थ लगेच कळतो. हंसपदिकेवर त्याने कधी काळी प्रेम केलं होतं, आता तो वसुमती राणीत गुंतला आहे. तो विदूषकाला तिच्याकडे पाठवून देतो आणि त्याच्या परीने विषय संपवतो. पण अस्वस्थता संपत नाही. प्रिय व्यक्तीचा विरह नसताना मी एवढा व्याकुळ का झालो, असं तो स्वतःलाच विचारतो, आणि सुखात असलेला माणूसही रम्य दृश्य पाहून, मधुर सूर ऐकून बेचैन होतो तेव्हा नकळत पूर्वजन्मीची नाती आठवत असावीत, असं उत्तर देतो. इथे दोन स्मृती आहेत हे सहसा नजरेतून सुटतं. एक ओळखीची, नाव-गाव असलेली. ती राजा एका निरोपात निकालात काढतो. दुसरीला चेहरा नाही, आणि छळते ती हीच.

अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरच्या ‘अभिनवभारती’त रसाची चर्चा करताना नेमका हाच श्लोक घेतला आहे. त्याचं म्हणणं असं, की इथे सांगितलेली स्मृती ही तार्किकांची स्मृती नव्हे, कारण जे आठवतं आहे ते पूर्वी अनुभवलेलंच नाही. हा प्रतिभेचा, थेट प्रत्ययाचा प्रकार आहे. यावर चाणाक्ष वाचक म्हणेल: दुष्यंताने शकुंतला अनुभवलेली होती की! दुर्वासाच्या शापाने तो विसरला एवढंच. म्हणजे शेवटी ही दबलेली आठवणच ठरली. दुष्यंतापुरतं ते खरं आहे. पण अभिनवगुप्ताची काळजी प्रेक्षकाची आहे. प्रेक्षागृहात बसलेल्या कुणाचीही शकुंतला हरवलेली नाही, तरी तो श्लोक ऐकताना त्याच्या पोटात तीच कालवाकालव होते. ती कुठून आली? उत्तर आहे वासना, म्हणजे माणूस म्हणून जन्माला येतानाच चित्तात असलेले प्रेम, शोक, भय यांचे संस्कार. ते कुणा एकाचे नसतात. कला त्यांना जाग आणते, आणि जाग आणताना ‘हे माझं, हे परक्याचं’ हा भेद गळून पडतो. यालाच साधारणीकरण म्हणतात.

माझ्या मते अल्बमचा वाद सुरू होतो तो या पुढच्या पायरीवर. चेहरा नसलेली हुरहुर माणसाला फार काळ पेलवत नाही. तो तिला पत्ता शोधायला लागतो. दुष्यंताने पूर्वजन्माचा पत्ता दिला, आपण कॉलेजचा देतो. वसतिगृहाची गच्ची, जून महिना, कुणाच्या तरी वॉकमनचा एक इअरफोन उसना घेतलेला: एवढं सामान जमलं, की त्या भावनेला घर मिळाल्यासारखं होतं. नंतर घरच तेवढं दिसत राहतं, आणि घरमालक म्हणून आपण भांडायला उभे राहतो. ‘आमचा’ अल्बम या शब्दातली गफलत ती हीच.

आता आक्षेप. पहिला त्या १९८९च्या अभ्यासाचा. तारुण्यातलीच गाणी का चिकटतात, याचं उत्तर माझ्या म्हणण्यातून मिळत नाही, असं कुणी म्हणेल. मी ते नाकारत नाही. त्या वयात चित्त उघडं असतं, पहिलेपणाची धार असते, आणि तीच कॅसेट पन्नासदा ऐकायला वेळही असतो. पण यातून दार कधी उघडतं ते कळतं; आत काय आलं ते नाही. त्याच वर्षांत कानांवर पडलेली शेकडो गाणी आज कुणालाही आठवत नाहीत. त्यांच्या कॅसेट रद्दीच्या दुकानांतून केव्हाच गेल्या. तारुण्य एकच, तेच पावसाळे, तीच गच्ची. फरक पडला तो गाण्यांमुळेच पडला असणार.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. दूरदर्शनच्या सुरुवातीची धून, निरमाची जिंगल, रविवार सकाळच्या मालिकांची शीर्षकगीतं, यांनीही गळा दाटून येतो. यांत कुठलं साधारणीकरण? इथे मला हार मानावी लागते, पण अर्धीच. हा शुद्ध साहचर्याचा परिणाम आहे, आणि तारुण्यातल्या अल्बममधली बरीचशी गाणी प्रामाणिकपणे पाहिलं तर याच वर्गात जातील. अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. स्वतःच्या किंवा परक्याच्या देशकाळात अडकून पडणं हे त्यांतलं एक, स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणं हे आणखी एक. जिंगल ऐकताना आपण नेमके तिथे अडकतो. ती आपल्याला त्या खोलीत, त्या लाकडी शटरच्या टीव्हीसमोर नेऊन बसवते आणि तिचं काम संपतं. तिच्यात परत ऐकण्यासारखं काही उरत नाही. दुसऱ्या जातीचं गाणं त्या खोलीतून बाहेर काढतं. ‘शिवकल्याण राजा’तल्या हृदयनाथांच्या चालींत सूर कुठे अनपेक्षित वळतो, लताबाई तो किती सहज पेलतात, हे चाळिशीत कळतं, विशीत नुसतं अंगावर आलेलं असतं. मर्ढेकरांनी तर कलेतल्या सगळ्याच साहचर्यांना बाहेरचा रस्ता दाखवून सौंदर्य फक्त संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांत शोधलं. मी एवढा कडक होणार नाही. भावना वगळून भावगीत ऐकणं ही निव्वळ कवायत झाली. पण स्वतःला तपासण्यासाठी मर्ढेकर उपयोगी आहेत: गच्ची, पाऊस, इअरफोन सगळं बाजूला काढलं तर गाण्यात काही शिल्लक राहतं का?

शिल्लक राहतं याचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी मिळतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रूमहान्सल यांनी २०१३मध्ये विशीतल्या विद्यार्थ्यांची तपासणी केली, तेव्हा त्यांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांबरोबर आईवडिलांच्या तारुण्यातली गाणीही ठळकपणे भावत होती. मधल्या वर्षांतली तितकी नाही. घरात ती वाजत असणार, म्हणून ही लहानपणाची आठवण झाली, असं म्हणता येईल, आणि काही अंशी तसं असेलही. पण मग एक मोठी अडचण उभी राहते. त्या मुलांची आठवण गाडीतल्या मागच्या सीटची किंवा रविवारच्या स्वयंपाकाची असणार, आणि बापाची कॉलेजची. दोन आठवणींत काडीचं साम्य नाही, तरी एकाच गाण्यावर दोघं येऊन थांबतात. जे दोघांत समान आहे ते गाणंच आहे. आणि ज्याच्या घरात कॅसेटही नव्हती असा मुलगा आज फोनवर लकी अली लावून न पाहिलेल्या नव्वदीसाठी हळवा होतो, त्याचं काय करायचं? त्याला ढोंगी म्हणणं सोपं आहे. मला तो दुष्यंताचा खरा वारस वाटतो.

तिसरा आक्षेप भक्तीच्या बाजूचा, आणि तो मला सर्वांत मानाचा वाटतो. ‘माझं’पण गळून पडलेला आस्वादच श्रेष्ठ, हे ठरवलं कुणी? तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने बोपदेवाने ‘मुक्ताफल’ रचलं, हेमाद्रीने त्यावर टीका लिहिली, आणि भक्ती हाच रस असल्याचं प्रतिपादन तिथे झालं; सोळाव्या शतकात रूप गोस्वामींनी त्याचं सविस्तर शास्त्र केलं. या विचारात रसाचं मूळ माझ्या आणि देवाच्या खास नात्यात आहे. ते नातं पुसलं तर रसही पुसला जातो. मग माणसाने आपल्या अल्बमवर असंच खास, अहस्तांतरणीय प्रेम का करू नये? जरूर करावं. मात्र भक्ताचं नातं कुणाशी असतं ते पाहावं. वारकरी दर आषाढीला पंढरपूरला जातो तो पहिल्या वारीची आठवण काढायला जात नाही. विटेवरचा विठोबा आज भेटतो म्हणून जातो. ‘आमच्या वेळी’ म्हणणारा कॅसेटकडे वळतो तेव्हा बहुधा स्वतःच्याच जुन्या मूर्तीचं दर्शन घेत असतो. भक्तीचीच फूटपट्टी लावायची तर गाण्याने आज, या वयात, काही दिलं पाहिजे. आणि ज्याला ते आज देतं, तो वादात फारसा उतरत नाही; तो दुसऱ्याला म्हणतो, ‘‘हे ऐक.’’ या दोन शब्दांत ‘हे माझं’ असा दावा नसतो.

माझं म्हणणं खोटं कसं ठरेल, हेही सांगायला हवं. त्यासाठी अल्बमच्या समकालीनांनी निघून जावं लागेल. गीतरामायण १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं; ते वर्षभर आठवड्या-आठवड्याने ऐकलेले श्रोते आता थोडेच उरले, तरी गदिमा-बाबूजींची ती छप्पन्न गाणी आजही गायली जातात. पण हा दाखला मी पुरावा म्हणून वापरणार नाही. त्यामागे रामकथा आहे, शाळांची स्नेहसंमेलनं आहेत, दरवर्षीची रामनवमी आहे. ‘गारवा’मागे असलं काही नाही. ना सण, ना संस्था, ना अभ्यासक्रम. ज्यांनी त्याची कॅसेट दुकानातून विकत आणली त्यांतलं कुणी उरलेलं नसेल तेव्हा, एखाद्या मेच्या अखेरीस, त्यांच्याशी काही संबंध नसलेल्या कुणी तो आपणहून लावला नाही, तर माझा युक्तिवाद पडला असं समजायला हरकत नाही. निदान त्या अल्बमपुरता.